हरलेल्या हंगामाचा हिशेब

५ डिसेंबर २०२१. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड स्टेडियममध्ये घड्याळात चार सेकंद उरली होती. मिनेसोटा व्हायकिंग्ज २७, डेट्रॉइट लायन्स २३. चेंडू गोलरेषेपासून ११ यार्डांवर होता आणि संधी एकच. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने फेकलेला चेंडू आमॉन-रा सेंट ब्राउनने गोलरेषेच्या आत पकडला, आणि वेळ संपली. २९-२७. लायन्सचा त्या हंगामातला हा पहिला विजय. त्याआधी अकरा सामने झाले होते. दहांत हार आणि एक बरोबरीत. हंगाम संपला तेव्हा खात्यावर ३ विजय, १३ पराभव आणि १ बरोबरी एवढंच जमा होतं.

तो चेंडू फेकणारा आणि झेलणारा, दोघेही संघात त्याच वर्षी आलेले. गॉफला त्याच्या आधीच्या संघाने नको म्हणून दिलं होतं. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सेंट ब्राउनची निवड होईपर्यंत १११ खेळाडू निवडले गेले होते. दोन वर्षांनी याच दोघांच्या जोरावर लायन्स सुपर बोल या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे शेवटच्या चार संघांत पोहोचले. तीन विजयांच्या हंगामात याची चिन्हं दिसत होती का? दिसत असतील तर ती कुठे शोधायची? संघ मोडून नव्याने उभा राहत असतो त्या वर्षात गुणतक्ता आपल्याला फार थोडं सांगतो. मग मोजायचं काय, हे समजून घ्यायला लायन्सच्या २०२१ सालाइतकं चांगलं उदाहरण अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वचितच सापडेल.

साठ वर्षांचा दुष्काळ

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर, आणि लायन्स फोर्ड घराण्याच्या मालकीचा संघ. १९५७मध्ये लायन्सने शेवटचं विजेतेपद मिळवलं. पहिला सुपर बोल झाला १९६७मध्ये. तेव्हापासून आजवर लायन्स त्या सामन्यापर्यंत एकदाही पोहोचलेले नाहीत. १९५७नंतर २०२१पर्यंत बाद फेरीतला त्यांचा विजय एकच होता, जानेवारी १९९२मधला. २००८मध्ये तर सोळापैकी सोळा सामने हरण्याचा विक्रम त्यांच्या नावावर लागला. सोळा सामन्यांच्या हंगामात असं पूर्वी कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

त्या दारुण हंगामाच्या बदल्यात २००९च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाची निवड मिळाली आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आला. बारा हंगाम तो या संघासाठी खेळला, दुखापती घेऊन खेळला, पण बाद फेरीचा एकही सामना जिंकू शकला नाही. २०२०मध्ये संघाने ११ सामने गमावले. थँक्सगिव्हिंगच्या सामन्यातल्या पराभवानंतर मालकीण शीला फोर्ड हॅम्प यांनी जनरल मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक या दोघांनाही एकाच वेळी घरी पाठवलं.

जानेवारी २०२१मध्ये दोन नवी माणसं आली. जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स लॉस एंजलिस रॅम्समध्ये महाविद्यालयीन खेळाडू हेरणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल स्वतः माजी खेळाडू. सोळाच्या सोळा सामने हरलेल्या २००८च्या संघातही ते होते. पहिल्याच पत्रकार परिषदेत, आम्हाला पाडलं तर उठताना समोरच्याच्या गुडघ्याचा लचका तोडू, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले आणि देशभर त्यांची टिंगल झाली. त्यांच्याबरोबर सहा वर्षांचा करार झाला होता, ही बातमी त्या गदारोळात मागे पडली. खरं तर मालकांना किती वर्षं थांबायचं आहे, याचा अंदाज त्या करारावरूनच बांधता येत होता.

खेळाआधीचे नियम

लायन्सने काय केलं हे कळण्यासाठी एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचे तीन नियम माहीत हवेत.

पहिला नियम ड्राफ्टचा. महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांत निवडतात आणि प्रत्येक फेरीत सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला आधी संधी मिळते. युरोपात तळाचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. इथे त्याला सर्वांत चांगला तरुण खेळाडू निवडायला मिळतो. हे निवडीचे हक्क संघ एकमेकांना देऊ-घेऊ शकतात, अगदी दोन-तीन वर्षांनंतरचेसुद्धा.

दुसरा नियम वेतनमर्यादेचा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या हातात ठरावीक रक्कम असते, हे आपल्याला ठाऊक आहे. एनएफएलमध्येही संघाने वर्षभरात खेळाडूंवर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा आहे. २०२०मध्ये ती १९ कोटी ८२ लाख डॉलर होती. कोविडमुळे स्टेडियमं रिकामी राहिली, उत्पन्न घटलं आणि २०२१मध्ये मर्यादा १८ कोटी २५ लाखांवर आली. नव्या व्यवस्थापनाने कारभार हाती घेतला तो असा, सगळ्यांचेच हात आखडलेले असताना.

तिसरा नियम बाहेरून चटकन दिसत नाही. करार करताना खेळाडूला एकरकमी बोनस दिला जातो, पण मर्यादेच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांत विभागून मांडतात. खेळाडू मध्येच गेला, तर मांडायची राहिलेली रक्कम संघाच्या डोक्यावर येऊन पडते. मैदानावर नसलेल्या माणसासाठी मर्यादेतली जागा अडते. अमेरिकेत याला डेड मनी, म्हणजे बुडीत रक्कम म्हणतात. जुना संघ मोडायची किंमत ही अशी चुकवावी लागते.

२०११च्या कामगार करारानंतर आणखी एक मोठा बदल झाला. नवोदितांचं वेतन निवडीच्या क्रमांकानुसार बांधून टाकण्यात आलं. त्याआधी, २००९मध्ये, स्टॅफर्डला पहिल्याच करारात ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त हमीची रक्कम मिळाली होती. २०२२मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या एडन हचिन्सनचा चार वर्षांचा संपूर्ण करार साडेतीन कोटींच्या आसपास होता. तेरा वर्षांत खेळातला पैसा कितीतरी वाढला, पण उगवत्या खेळाडूची किंमत उतरली. त्यामुळे आजच्या एनएफएलमध्ये चांगला नवोदित हाताशी असणं म्हणजे चार वर्षं स्वस्तात मिळालेलं बळ असतं. संघबांधणीचं सगळं गणित या चार वर्षांभोवती फिरतं.

आधाराचा खांब विकताना

३० जानेवारी २०२१ रोजी सौदा ठरला. स्टॅफर्ड रॅम्सकडे जाणार. बदल्यात लायन्सला जॅरेड गॉफ, २०२१मधला तिसऱ्या फेरीचा एक हक्क, आणि २०२२ व २०२३ अशा दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क.

त्या वेळी अनेकांनी याचा अर्थ सरळ लावला: चांगला क्वार्टरबॅक दिला, कमी दर्जाचा घेतला. गॉफ २०१६च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता आणि त्याने रॅम्सला सुपर बोलपर्यंत नेलं होतं, पण नंतर त्याचा खेळ मंदावला. त्याच्याबरोबर केलेला १३ कोटी ४० लाख डॉलरचा करार रॅम्सला जड झाला होता. पहिल्या फेरीचे दोन-दोन हक्क त्यांनी सोडले, त्यात स्टॅफर्डची किंमत होती आणि गॉफचा करार उचलण्याची मजुरीही होती.

लायन्सला ते ओझं परवडणारं होतं. ताबडतोब जिंकण्याची घाई नसलेल्या संघासाठी एक-दोन वर्षं महाग करार सांभाळणं फारसं अवघड नसतं. त्याच्या बदल्यात मिळणारे हक्क मात्र अनमोल असतात. शिवाय गॉफची निवड झाली तेव्हा रॅम्सच्या खेळाडू-शोध विभागाचे प्रमुख होम्सच होते. जगाला जो ओझं वाटत होता, त्याला ते महाविद्यालयापासून ओळखत होते. नवा तरुण क्वार्टरबॅक सापडेपर्यंतचा पूल म्हणून गॉफकडे सगळे पाहत होते. लायन्सनेही त्याला तेवढंच मानलं असतं तरी नुकसान नव्हतं. तो टिकला तर उत्तम. न टिकला तर दोन वर्षांनी मोकळं होता येत होतं आणि हातात हक्क राहणारच होते.

या सौद्याचा खर्चही होता. स्टॅफर्ड गेला तरी त्याच्या जुन्या कराराचे १ कोटी ९० लाख डॉलर २०२१च्या मर्यादेत लायन्सच्याच नावावर लागले. आधीच आटलेल्या रकमेतला दहावा हिस्सा दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या माणसावर गेला. होम्सनी तो दुखरा भाग पहिल्याच वर्षी सोसून टाकला. संक्रमणाच्या हंगामाची पहिली कसोटी इथे लागते: जुनी देणी याच वर्षी फेडली जात आहेत, की पुढे ढकलली जात आहेत? जो संघ हरतही आहे आणि देणीही लांबवत आहे, तो बदलत नसतो. नुसता घसरत असतो.

जे घेतलं नाही

वसंतात खुल्या बाजारात खेळाडू विकत घेण्याची वेळ आली तेव्हा लायन्सने मोठं नाव घेतलं नाही. उलट संघाचा आघाडीचा रिसीव्हर केनी गॉलडे न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला; जायंट्सने त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर देऊ केले होते. दुसरा अनुभवी रिसीव्हर मार्विन जोन्स जॅक्सनव्हिलला गेला. चेंडू झेलणाऱ्यांची फळीच उजाड झाली. त्या जागी टायरेल विल्यम्स, ब्रेशाड पेरीमन असे खेळाडू कमी मुदतीच्या करारांवर आले.

यातले बरेच सौदे फसले. पेरीमनला तर हंगाम सुरू होण्याआधीच सोडण्यात आलं. टायरेल विल्यम्स पहिल्याच सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर पडला. पण या चुका पुढच्या वर्षाच्या हिशेबात उरल्या नाहीत, कारण करार एका वर्षाचे होते. अशाच छोट्या करारावर आलेला लाइनबॅकर अ‍ॅलेक्स अँझलोन मात्र रुजला आणि पुढे कर्णधार झाला. संघ काय व्हायचा आहे हेच ठरलेलं नसतं, तेव्हा चूक होणारच. ती कमी खर्चात सुटेल अशी सोय करून ठेवणं, यालाच शहाणपण म्हणायचं. ही दुसरी कसोटी.

गॉलडेला जाऊ देण्यातून आणखी एक गोष्ट पदरात पडली. खुल्या बाजारातून आलेल्या खेळाडूंपेक्षा मोलाचे खेळाडू संघातून गेले, तर लीग त्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईचा जादा हक्क देते. लायन्सला २०२२मध्ये असा ९७वा क्रमांक मिळाला. त्यातून बचावफळीतला केर्बी जोसेफ आला, आणि २०२४च्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे सर्वाधिक, म्हणजे नऊ पास मधल्या मध्ये पकडून तो लीगमध्ये अव्वल ठरला. जायंट्सकडे मात्र गॉलडे दोन हंगामही धड टिकला नाही.

आधी पाया

एप्रिल २०२१च्या ड्राफ्टमध्ये लायन्सचा सातवा क्रमांक होता. रिसीव्हरची फळी रिकामी होती, क्वार्टरबॅक तात्पुरता होता. होम्सनी निवडला वीस वर्षांचा पेनाय सूएल, जवळपास दीडशे किलोचा टॅकल. टॅकलचं काम म्हणजे क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्यांना थोपवणं. त्याच्या हातात चेंडू येत नाही, त्याचं नाव गुणफलकावर झळकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही बचावाच्या पुढच्या फळीतले दोन धिप्पाड खेळाडू, लेव्हाय ऑनवुझुरिके आणि अलीम मॅकनील, घेतले गेले. पहिल्या तिन्ही निवडी चेंडूपासून हातभर अंतरावर धक्काबुक्की करणाऱ्या माणसांच्या.

यामागे साधा विचार होता. पुढे जो कोणी क्वार्टरबॅक येईल, जो कोणी रिसीव्हर येईल, त्याला समोरची भिंत पक्की लागणारच. रिसीव्हर आधी आणला आणि भिंत नसली, तर चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. भिंत आधी उभी केली तर साधारण क्वार्टरबॅकही चांगला दिसू लागतो. गॉफच्या बाबतीत पुढे तेच झालं.

ही भिंत सगळी नवी नव्हती. सेंटर फ्रँक रॅग्नाउ आणि डावा टॅकल टेलर डेकर हे दोघेही आधीच्या व्यवस्थापनाच्या काळात पहिल्या फेरीत निवडलेले. मे २०२१मध्ये रॅग्नाउला चार वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरचा वाढीव करार मिळाला. खर्चात हात आखडलेल्या त्या वर्षातला हा मोठा अपवाद होता. नवे अधिकारी आले की आधीच्यांचं सगळं काढून टाकण्याचा मोह होतो, आणि ‘नवी संस्कृती’ या नावाखाली तो खपतोही. जे चांगलं होतं ते कुणी आणलं याची पर्वा न करता होम्स आणि कॅम्पबेलनी ते राखलं. नव्या बांधणीत जुन्यातलं काय ठेवलं जातं, हीही एक कसोटीच.

चौथ्या फेरीत ११२व्या क्रमांकावर आमॉन-रा सेंट ब्राउन आला. उंची बेताची, वेग डोळ्यांत भरणारा नाही. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते. ती सोळाही नावं त्याला क्रमाने तोंडपाठ आहेत, आणि मुलाखतीत विचारलं की तो ती घडाघडा म्हणून दाखवतो. पहिल्या हंगामात त्याने ९० झेल घेतले. चार वर्षांचे मिळून त्याच्या करारात पन्नास लाख डॉलरही नव्हते. गॉलडेला जायंट्स वर्षाकाठी सरासरी १ कोटी ८० लाख देत होते.

सेंट ब्राउन एवढा बहरला यात त्याच्या कष्टांचा वाटा मोठा आहेच. पण त्याला मैदानावर वेळ मिळाला तो समोर जागा रिकामी होती म्हणून. गॉलडे आणि जोन्स राहिले असते तर चौथ्या फेरीतला पोरगा बाकावर बसून राहिला असता. संक्रमणाच्या वर्षात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मैदानावरची मिनिटं. ती उतरत्या वयाच्या, पुढच्या वर्षी नसणाऱ्या खेळाडूंवर खर्च केली तर एखाद-दुसरा विजय वाढतो, पण शिकायला काही मिळत नाही.

हारणं आणि हारणं

तरीही हार ती हारच. फिलाडेल्फियाने लायन्सना त्यांच्याच मैदानावर ४४-६ असं धुतलं. बाल्टिमोरविरुद्ध जिंकता-जिंकता शेवटच्या क्षणी जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून किक मारली. चेंडू आडव्या दांडीवर आदळला आणि पलीकडे पडला. १९-१७. त्या किकचा तेव्हा एनएफएलमध्ये विक्रम झाला. दोनच आठवड्यांनी व्हायकिंग्जविरुद्ध पुन्हा शेवटच्या सेकंदांत किक, पुन्हा १९-१७. त्यानंतर बोलताना कॅम्पबेल यांचे डोळे भरून आले. क्लीव्हलँडविरुद्ध १०-१३, शिकागोविरुद्ध १४-१६.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर कळतं की संघ कमी पडत होता, पण सोडून देत नव्हता. शिकणंही चालू होतं. आक्रमण अडखळतंय हे पाहून नोव्हेंबरमध्ये डाव ठरवण्याचं काम कॅम्पबेलनी स्वतःकडे घेतलं आणि टाइट एंड खेळाडूंचा तरुण प्रशिक्षक बेन जॉन्सन याला पासिंगच्या आखणीत पुढे आणलं. पुढच्या हंगामात जॉन्सन आक्रमणाचा प्रमुख झाला, आणि लायन्सचं आक्रमण लीगमधल्या सर्वोत्तमांत गणलं जाऊ लागलं. खेळाडू हेरतात तसे प्रशिक्षकही हेरावे लागतात, आणि त्यासाठीही हरलेला हंगाम कामी येतो.

हंगामाचा शेवटचा सामना ग्रीन बेविरुद्ध होता. तो हरले असते तर लायन्स लीगमध्ये सर्वांत तळाला गेले असते आणि २०२२च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला असता. ते ३७-३० असे जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावरच राहिले. पहिल्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलने दुसराच खेळाडू घेतला, आणि मिशिगनमध्येच वाढलेला, मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेला एडन हचिन्सन लायन्सच्या झोळीत आला. पहिला क्रमांक हातचा जाऊ शकतो हे माहीत असूनही संघ जिंकायला उतरला होता, ही त्या सामन्यातली मोलाची गोष्ट.

कारण नुसतं हरून कुणीच उभं राहत नाही, हे लायन्सपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? २००१ ते २००८ या, संघाचे प्रमुख मॅट मिलन यांच्या कारकिर्दीत संघाने ३१ सामने जिंकले आणि ८४ गमावले. दरवर्षी वरचे हक्क मिळत गेले. त्यातून २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतले गेले. क्वार्टरबॅकला वाचवणारी भिंत नव्हती, आणि चेंडू झेलणाऱ्यांची रांग लागली होती. त्या वाटेचा शेवट सोळा पराभवांत झाला. क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत ३२ सामन्यांत एक विजय मिळवून हक्कांचा ढीग जमवला. त्या काळात दोन संघांनी त्यांच्याकडचे क्रमांक घेऊन कार्सन वेंट्झ आणि डेशॉन वॉटसन हे क्वार्टरबॅक निवडले. हक्क म्हणजे फक्त संधी. ती कशासाठी वापरायची हे डोक्यात स्पष्ट नसेल तर ढीग तसाच राहतो आणि वर्षं निघून जातात.

नशिबाचा वाटा

प्रामाणिक मूल्यमापनात नशीब वेगळं काढून ठेवावं लागतं. स्टॅफर्ड गेला आणि पहिल्याच वर्षी रॅम्स सुपर बोल जिंकले. म्हणजे रॅम्सचा २०२२चा हक्क पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, ३२वा ठरला. लायन्सने तो इतर हक्कांसोबत मिनेसोटाला देऊन १२वा क्रमांक मिळवला आणि वेगवान रिसीव्हर जेमसन विल्यम्स घेतला. पुढच्याच वर्षी मात्र रॅम्स कोसळले, बारा सामने हरले, आणि त्यांचा हक्क सहाव्या क्रमांकाचा निघाला. त्यातून अदलाबदल करत लायन्सने रनिंग बॅक जामिर गिब्स आणि टाइट एंड सॅम लापोर्टा मिळवले.

रॅम्सची ही पडझड कुणी वर्तवली नव्हती. तिचं श्रेय होम्सना देता येणार नाही. श्रेय द्यायचं ते दोन वेगवेगळ्या वर्षांचे हक्क मागितल्याबद्दल, कारण एक हलका निघाला तर दुसरा भारी निघू शकतो. उलट बाजूही आहे. ऑनवुझुरिके पाठीच्या दुखण्यामुळे २०२२चा संपूर्ण हंगाम खेळला नाही. त्या निवडीमागचा विचार त्यामुळे चुकीचा ठरत नाही. निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर तोलायचा असतो. निकाल पाहून निर्णयाला हुशार किंवा मूर्ख ठरवण्याची सवय क्रीडासमीक्षेला फार आहे, आणि ती संघांना घाबरट बनवते.

याच ठिकाणी मालकांच्या धीराची परीक्षा होते. २०२२चा हंगाम सुरू झाला आणि लायन्स सातपैकी सहा सामने हरले. स्टेडियममध्ये तीच जुनी निराशा, वर्तमानपत्रांत तेच जुने मथळे. त्याच काळात शीला फोर्ड हॅम्प स्वतः पत्रकारांसमोर आल्या आणि होम्स-कॅम्पबेल यांच्यावर आपला विश्वास कायम असल्याचं सांगून गेल्या. उरलेल्या दहांपैकी आठ सामने लायन्सने जिंकले.

फळ आणि त्याची किंमत

२०२३मध्ये बारा विजय मिळवून त्यांनी तीस वर्षांत प्रथमच आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं. १४ जानेवारी २०२४ रोजी बाद फेरीचा सामना फोर्ड फील्डवर झाला. समोर होते रॅम्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड. लायन्सने सामना २४-२३ असा जिंकला आणि ३२ वर्षांनी बाद फेरीत विजय पाहिला. स्टॅफर्डच्या बदल्यात आलेल्या गॉफच्या नावाचा घोष त्या रात्री स्टेडियममध्ये चालू होता. रॅम्सना त्यांचं विजेतेपद मिळालं होतं, लायन्सना त्यांचा संघ मिळाला. एका सौद्यात दोन्ही बाजूंचं भलं होऊ शकतं, फक्त दोघांची घड्याळं वेगळी असावी लागतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असूनही लायन्स ३४-३१ असे हरले आणि सुपर बोल पुन्हा हुकला. २०२४मध्ये सतरापैकी पंधरा सामने जिंकले, तरी बाद फेरीत वॉशिंग्टनने त्यांना पहिल्याच सामन्यात घरी बसवलं.

स्वस्ताईची वर्षंही संपत आली होती. २०२४च्या वसंतात सेंट ब्राउनबरोबर १२ कोटी, सूएलबरोबर ११ कोटी २० लाख आणि गॉफबरोबर २१ कोटी २० लाख डॉलरचे चार-चार वर्षांचे करार झाले. २०२१मध्ये जे बळ कमी दरात मिळालं होतं, त्याचं पूर्ण मोल आता चुकवावं लागत आहे. संघ उभा करणं एक आणि टिकवणं दुसरं, आणि या दुसऱ्या कामाच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

म्हणून कुठलाही संघ ‘हे बदलाचं वर्ष आहे, सांभाळून घ्या’ असं सांगू लागला, मग तो डेट्रॉइटचा असो, लंडनचा असो की गोव्याचा, तर चाहत्यांनी काही प्रश्न जरूर विचारावेत. जुनी देणी यंदा फिटत आहेत का? नवे करार असे आहेत का, की चूक झाली तर ती यंदाच संपेल? आधी पाया भरला जातोय की शोभेच्या जागा? मैदानावरची मिनिटं पुढच्या तीन वर्षांत असणाऱ्या खेळाडूंना मिळत आहेत का? जुन्यातलं चांगलं राखलं गेलं का? आणि हंगामाच्या शेवटी संघाच्या हातात सुरुवातीपेक्षा जास्त चांगले पर्याय आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तीन विजयांचा हंगामही यशस्वी म्हणता येतो. ते ‘नाही’ असेल तर आठ विजय मिळवूनही वर्ष वाया गेलेलं असतं.

चाहता तिकीट काढतो, थंडीवाऱ्यात स्टेडियमपर्यंत जातो, हरलेला संघ पाहून परत येतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो. डेट्रॉइटच्या कित्येक घरांत तीन-तीन पिढ्यांनी हे केलं. त्यांच्याकडे धीर मागण्याचा हक्क संघाला आहे. पण तो धीर कशासाठी मागतो आहोत हे कृतीतून दाखवण्याचं बंधनही संघावर आहे. २०२१च्या लायन्सने ते बंधन पाळलं, आणि त्या वर्षीचा तक्ता काहीही सांगो, त्यांच्या उभारीची सुरुवात तिथूनच मोजायला हवी.